शेवटच्या अक्षरावरची रेघ

दफनभूमीच्या फाटकातून आत गेलं की कुठली शिळा कुणाच्या हातची हे सांगायला जाणकार लागत नसे. नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बघायचं. बाकीची अक्षरं घोटीव, सारख्या खोलीची, धारदार कडांची, आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ मात्र वाकडीतिकडी. कुठे उथळ, कुठे मध्येच खड्डा पडलेला, कुठे रेघ अक्षराला सोडून तशीच पुढे निघून गेलेली. अशी शिळा दिसली की समजायचं, ही फाटकासमोरच्या जुन्या पाथरवटाची.

पुलापलीकडे दुसरा पाथरवट होता. तो आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "म्हातारा शेवटच्या अक्षरापाशी येतो आणि त्याला जेवण आठवतं." लोक हसायचे. हसून झालं की शिळा सांगायला जुन्या पाथरवटाकडेच जायचे, पण हे दुसरं वाक्य कुणी बोलून दाखवत नसे.

जुन्या पाथरवटाला सगळी गल्ली आजोबा म्हणायची. त्यांची एकुलती एक मुलगी त्यांच्याजवळ वाढली नव्हती. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि मावशीनं तिला आपल्या गावी नेलं. सुट्टीत ती बापाकडे यायची, दगडाच्या भुकटीत घरं बांधायची, आणि सुट्टी संपली की परत जायची. जेवणाचा तो विनोद तिनं लहानपणीच ऐकला होता. तेव्हा तिला रडू आलं होतं. मोठी झाल्यावर ती अक्षरांचंच काम करू लागली. दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी, बाटल्यांवरची लेबलं. रेघ केसभर हलली तरी तिला चैन पडत नसे.

मग आजोबा जिन्यावरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातोडी पेलेना. मुलगी नोकरी सोडून आली, तिनं आवार झाडून घेतलं आणि दगड कोरणारं मशीन आणलं. संगणकावर नाव लिहायचं, मशीनची सुई ते दगडात उतरवते. दगड उचलायला तिनं एक क्रेनवाला ठेवला. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून येणारे-जाणारेही ताई म्हणू लागले.

मशीनवरची पहिली शिळा निघाली तेव्हा ताईनं सगळ्यात आधी शेवटचं अक्षर बघितलं. रेघ ताठ होती. डोक्यावर बसवलेल्या पट्टीसारखी. तिला हायसं वाटलं. पण हे ती बापाला बोलली नाही. तुमचा हात शेवटी थरथरायचा, हे पाथरवटाला तोंडावर कसं सांगणार? तिनं आवाराच्या फाटकावर पाटी मात्र लावली: सगळं काम आम्ही पूर्ण करून देतो, आपल्याला काहीही करावं लागत नाही.

आजोबा मशीन बघायला एकदाही आले नाहीत. "तो आवाज माझ्या दातांत जातो," म्हणायचे. आवाराच्या मागे घर होतं. त्याच्या ओसरीवर बसून ते गल्लीतल्या मुलांना अक्षरं शिकवायचे. पाटी म्हणून फुटक्या फरशा, लिहायला खडू. मुलांनी सगळं लिहायचं आणि वरची रेघ विसरायची, हे रोजचं. आजोबा रागवत नसत. "छप्पर राहिलं," म्हणायचे, "आता पाऊस आला की अक्षर भिजणार." मग मुलं घाईघाईनं रेघा ओढायची.

या मुलांवर ताई एकदा जोरात ओरडली होती. दफनभूमीचा राखणदार सांगत आला होता की नव्या शिळांवर कुणीतरी ओरखडे काढतंय. ताई जाऊन बघून आली. खरंच होते. तिच्या आरशासारख्या दगडावर खिळ्यानं ओढल्यासारखे ओरखडे. तिनं ओसरीवर येऊन सगळ्यांना विचारलं, हे कुणाचं काम? त्यांच्यात एक मुलगी होती. ती एका जागी बसत नसे, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणायचे. तिच्या खिशात खिळा निघाला. ताईनं तो काढून घेतला, तिला चार शब्द सुनावले आणि दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. भिंगरी म्हणाली, "मी नाही काढले. हा खिळा माझ्या भोवऱ्याचा आहे." ताईनं ऐकलं नाही. आजोबा त्या वेळी मनगट दाखवायला दवाखान्यात गेले होते, आणि मुलांनी त्यांना काही सांगितलं नाही.

एके दिवशी दुपारी आवारासमोर बस येऊन थांबली. रिकामी बस. क्रेनवाला डोकावून म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आलंय. शिळा न्यायला बस घेऊन आलंय. तिकीट काढायला लागेल आता शिळेचं."

बसमधून उतरली ती बस चालवणारी बाईच. निळा गणवेश, छातीवर बिल्ला, केस घट्ट बांधलेले. तिचा धाकटा भाऊ वारला होता. तिनं फोनवर नाव आणि जन्म-मृत्यूची दोन सालं सांगितली होती आणि म्हणाली होती, "बाकीचं मी येऊन करते." ताईला वाटलं, शिळा न्यायची व्यवस्था तीच बघणार.

"दोन फेऱ्यांच्या मध्ये आलेय," बाई म्हणाली. तिनं मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. "लहान हातोडी द्या बरं का. मागच्या वेळी आजोबांनी मोठी दिली होती. नंतर मला स्टिअरिंग धरवेना."

"हातोडी?"

"हो. आणि छिन्नी."

"कशाला?"

बाई हसली. ताई आपली गंमत करतेय असंच तिला वाटलं. "माझं नाव लिहायला! अहो, कशाला म्हणजे?"

ताईला कळेना. हिला काही दुरुस्ती हवी असेल, असं समजून ती म्हणाली, "आधी बघून तर घ्या," आणि तिनं शिळेवरचं कापड ओढलं.

काळा दगड, पांढरी अक्षरं. ताईला स्वतःलाही ही शिळा आवडली होती. बाई पुढे झाली. तिनं पहिल्या अक्षराच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत नेलं. एक अक्षर, दुसरं, तिसरं. शेवटच्या अक्षरावर येऊन बोट थांबलं. ते पुढच्या कोऱ्या दगडावर गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपावं तसं.

"ही कुणी केली?" तिनं विचारलं.

"मशीननं. सगळं नाव मशीननंच."

"नावाचं नाही विचारत. ही. ही शेवटची."

"तीही मशीननंच. सरळ आहे ना अगदी?"

बाईनं मान वर केली. तिचा चेहरा असा झाला होता की ताईनं आपोआप एक पाऊल मागे घेतलं. भरल्या रस्त्यात ब्रेक लागेनासा झाल्यावर माणूस असं बघत असेल.

"माझी रेघ," ती म्हणाली, "माझी रेघ कुणी मारली?"

क्रेनवाला साखळी सोडून उभा राहिला. ताई म्हणाली, "तुमची म्हणजे?"

"म्हणजे माझी! घरच्यांची! शेवटची रेघ घरचं माणूस मारतं. वडिलांच्या वेळी मी मारली. इथंच, या झाडाखाली. आजोबांनी शिळा टेकवून ठेवली, हातात हातोडी दिली, आणि गेले बाहेर." तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "बेकरीवाल्यानं मला सांगितलं होतं. म्हणाला, आता तिथं हातोडी देत नाहीत. मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, असं कसं होईल?"

ती शेजारच्या न घडवलेल्या दगडावर बसली. दुमडलेल्या बाह्या तशाच होत्या.

"तो पाच वर्षांचा होता," ती म्हणाली. ताईकडे न बघता, शिळेकडे बघत. "आई कामावर जायची. मीच शिकवलं त्याला नाव लिहायला. सगळं लिहायचा आणि शेवटच्या अक्षराची रेघ ठेवून द्यायचा. विसरून नाही, मुद्दाम. मग पाटी माझ्याकडे सरकवायचा. 'अक्का, रेघ ओढ.' मोठा झाला, सही करायला लागला, तरी कधी कधी कागद सरकवायचा माझ्यापुढे. चेष्टा करायचा." ती थांबली. "दवाखान्यात नाही रडले मी. मातीच्या वेळीही नाही. सगळ्यांना वाटलं, काय बाई आहे. मी म्हटलं, माझं काम अजून राहिलंय. ते झालं की मग."

तिनं आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

ताई धावतच ओसरीवर गेली.

आजोबा फरशीवर मोठं अक्षर काढत होते. भिंगरी कुणाची तरी चुगली करत होती, "आजोबा, यानं परत छप्पर नाही घातलं." ताईला बघून ती आजोबांच्या पाठीमागे सरकली.

"बाबा, शेवटची रेघ कोण मारतं?"

"घरचं माणूस," आजोबा म्हणाले. पाणी कुठून येतं विचारल्यावर नळातून म्हणावं, इतक्या सहज. मग त्यांनी मान वर केली आणि मुलीचा चेहरा बघितला.

"का? काय झालं?"

ताईनं आवाराकडे हात केला.

"तू हातोडी देत नाहीस?" त्यांनी विचारलं. "रेघ सोडत नाहीस?"

तिनं नुसती मान हलवली.

"कधीपासून?"

"मशीन आल्यापासून."

"सगळ्या? सगळ्या शिळा?"

"सगळ्या, बाबा."

आजोबांच्या हातातला खडू खाली पडला आणि फरशीवरून गडगडत गेला. कुणी तो उचलला नाही. आजोबा उठायला गेले, डाव्या हाताला आधार न मिळून पुन्हा बसले. ताईनं त्यांना आजवर रागावलेलं बघितलं होतं, आजारी बघितलं होतं. आई गेली तेव्हाचं तिला आठवत नव्हतं. पण हे असं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं.

आणि तिला एकामागून एक माणसं दिसू लागली. बेकरीवाला. तो बायकोच्या शिळेसमोर कितीतरी वेळ उभा होता, पिठाचे हात पँटला पुसत. "झालं सगळं?" त्यानं विचारलं होतं. "सगळं झालं. तुम्हाला काहीच करायला नको," ताई अभिमानानं म्हणाली होती. तो "बरं" म्हणाला होता. दोन बहिणी आल्या होत्या, चपला काढून. एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती आणि त्याचा हात शिळेवर ठेवून, शेवटच्या अक्षरावरच ठेवून, परत गेली होती. त्या प्रत्येकाला ताईनं तेच वाक्य ऐकवलं होतं.

"एकानंही विचारलं नाही मला," ती म्हणाली. "एकजणही भांडला नाही."

"माणूस मातीत ठेवून आलेलं कोण भांडेल, बाळ?" आजोबा म्हणाले. "त्यांना वाटलं असेल, ही पद्धत बंद पडली. आपणच जुने राहिलो. प्रत्येकाला एकेकट्याला तसंच वाटलं असणार."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगायची वेळ असते त्याची. माझ्या बापानं मला सांगितलं ते मी पहिली शिळा स्वतः कोरली त्या दिवशी. तू कोरशील तेव्हा सांगेन, असं मनात होतं. तू शिकायला गेलीस, मग नोकरी, मग एकदम मशीनच आलं. मी समजलो, लोकच तुझ्याकडे हातोडी मागतील. आणि तू देशील. न द्यायला काय कारण?"

"पण मी लहानपणी सुट्टीत इथंच असायची. मला कधी दिसलं कसं नाही?"

"कसं दिसेल? ते मारत असताना आपण तिथं थांबायचं नाही. पाठ करून बाहेर जायचं, पोराबाळांना घेऊन. तुला मी पेरू घ्यायला न्यायचो, आठवतं? ज्याला हे काम येतं तो बघत राहिला की मारणारा रेघ सरळ यावी म्हणून मारतो. ती रेघ त्यासाठी नसतेच. आणि एकदा त्यांनी मारली की तिला आपण पुन्हा हात लावायचा नाही. बुजवायचं नाही, घासायचं नाही."

ताई म्हणाली, "मला वाटायचं, तुमचा हात थरथरतो. शेवटी दमता तुम्ही. म्हणून मी मशीनचं हे कधी बोलले नाही तुम्हाला. वाईट वाटेल म्हणून."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. "समोरच्या एकाही शेवटच्या रेघेला माझा हात लागलेला नाही," ते म्हणाले. "मग माझा थरथरेल कसा?"

ताई वळली आणि पळत सुटली. आवारातून, बाईच्या समोरून, पाटीखालून, रस्ता ओलांडून दफनभूमीच्या फाटकातून आत. क्रेनवाला ओरडला, "ताई, गाडी! गाडी बघा!" तिनं बघितली नाही.

नव्या शिळा उजव्या हाताला होत्या. ती पहिलीपाशी गुडघ्यावर बसली. त्या दिवशी राखणदाराबरोबर येऊन तिनं लांबून ओरखडा बघितला होता आणि तिचं डोकं फिरलं होतं. आता तिनं जवळून बघितला. ओरखडा शेवटच्या अक्षरावर होता. तिच्या ताठ रेघेच्या बरोबर वर, एक दुसरी रेघ. खिळ्यानं ओढलेली, दगडात धड न शिरलेली, पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढून थोडी पांढरी झालेली.

ती दुसऱ्या शिळेकडे गेली. शेवटचं अक्षर. किल्लीनं ओढल्यासारखी रेघ. तिसऱ्या शिळेवर काहीच नव्हतं, आणि ते तिला जास्तच लागलं. चौथी बेकरीवाल्याच्या बायकोची. तिच्या पायथ्याशी, गवतात, पाव कापायची मोडकी सुरी ठेवलेली होती. तिचं टोक घासून बोथट झालं होतं. म्हणजे तो येत होता. अजून येत होता. रोज थोडी थोडी ओढत होता, राखणदाराची नजर चुकवून, चोरासारखा.

आणि ताईनं काय केलं होतं? राखणदाराला सांगून ठेवलं होतं, दिसला तर धरा.

शिळेला धरून ती उठली. जुन्या ओळींमधून चालत आईच्या शिळेपाशी आली. इथं ती एरवीही यायची, पण नाव वाचताना शेवटच्या अक्षरावर नजर टेकू द्यायची नाही. ती रेघ सगळ्यात वाईट होती. एक खोल टोचा, मग नुसते टिचके, आणि मग रेघ अक्षर सोडून तिरकी खाली गेलेली. बायकोच्या नावावरसुद्धा बाबांना हात सांभाळता आला नाही, असं तिला वाटत आलं होतं. त्याची तिला लाज वाटायची.

मागे पावलं वाजली. आजोबा धापा टाकत आले होते.

"ही कुणाची?" तिनं विचारलं. खरं तर विचारायची गरज उरली नव्हती.

"मी बाहेर होतो," आजोबा म्हणाले. "घरचा असलो तरी कोरणारा मीच होतो, म्हणून मी बाहेर गेलो. मावशीनं तुला मांडीवर घेतलं होतं. तिनं नंतर सांगितलं, तू कुणाला हातोडी धरू देईनास. माझी मी, माझी मी, म्हणत होतीस."

ताईला काहीच आठवलं नाही. तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, पण मांडी नाही, हातोडी नाही, काही नाही. तिनं त्या टिचक्यांवर बोट ठेवलं. ते तिच्या बोटाखाली खरखरीत आणि खरे होते. इतकी वर्षं तिनं ज्याची लाज धरली ते तिचंच होतं, आणि ते सांगणारा दगड तिथंच, उघड्यावर उभा होता.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. बाईच्या पुढच्या फेरीची वेळ होत आली होती आणि क्रेनवाल्यानं बसमध्ये चढून हॉर्न वाजवला होता, त्याबद्दल बाईनं त्याला चांगलंच झापलं. ताई आणि आजोबा परत आले तेव्हा ती त्याच दगडावर बसली होती.

"मी आता काय करू, आजोबा?" तिनं विचारलं. "मला आता कळतच नाही काय करायचं."

ताई म्हणाली, "शेवटची रेघ मी पुट्टी भरून बुजवते. वर रंग बसेल, कळणारसुद्धा नाही. मग तुम्ही..."

"म्हणजे तुम्ही खड्डा बुजवणार आणि मी तोच परत उकरणार?" बाई ताडकन म्हणाली. "नाटक करायला नाही आले मी इथं."

ते खरंच होतं.

"पाठ कोरी आहे," आजोबा हळूच म्हणाले. "शिळा फिरवून पाठीवर नाव घालता येईल. पुढची बाजू घासून टाकू. हातानं कोरून देता आलं असतं, पण माझं मनगट..."

"हातानं करा नाही तर मशीननं करा, मला काय त्याचं?" बाई म्हणाली. "माझी तेवढी ठेवा. तेवढीच मागतेय मी." ती उठली, बाह्या खाली केल्या, घड्याळ बांधलं. शिळेकडे एकदा बघून म्हणाली, "आणि पुढचं घासू नका. राहू दे मागच्या बाजूला. त्याचं पहिलं पान नेहमी वायाच जायचं."

हे बोलताना तिचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि लगेच वाकडा झाला. ती बसकडे जवळजवळ पळतच गेली.

मशीनला अक्षर अर्धं ठेवणं माहीत नव्हतं. ताई रेघ पुसायची आणि संगणक ती परत जोडून दाखवायचा. जणू तिचीच खोड त्यानं उचलली होती. शेवटी तिनं त्या अक्षराचे तुकडे केले, रेघेचा तुकडा वेगळा काढला आणि टाकून दिला. मशीन चाललं. सगळं नाव उतरलं, शेवटच्या अक्षराचं डोकं उघडं राहिलं. क्रेनवाला बघत होता. "कसंतरीच दिसतंय, ताई," तो म्हणाला. "थंडीत टोपी न घातल्यासारखं."

"दिसू दे," ताई म्हणाली. मग ती शिडी घेऊन फाटकाशी गेली आणि पाटी उतरवली.

त्याच संध्याकाळी ती ओसरीवर गेली. भिंगरी तिला बघून उठायला लागली. ताई तिच्यासमोर खाली बसली. "ओरखडे तू काढले नव्हतेस," ती म्हणाली. "मी तुला उगाच बोलले."

"मी सांगत होते की," भिंगरी म्हणाली.

"हो. सांगत होतीस."

"माझा खिळा द्या परत."

ताईनं खिळा दिला. तिथून ती बेकरीत गेली. बेकरीवाला तिला बघून गडबडला. सुरीचं कळलं असं त्याला वाटलं. ती एवढंच म्हणाली की सकाळी आवारात या, हातोडी देते, जिथं तुमची रेघ सुरू आहे तिथंच मारा. मग त्यानं तिला जाताना हटकलं. "बंद नव्हती झाली पद्धत?" त्यानं विचारलं. "नाही," ताई म्हणाली. अजून कितीतरी घरी तिला जायचं होतं.

बाई तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आली. गणवेश नव्हता, त्यामुळे क्षणभर ताईनं तिला ओळखलंच नाही. शिळा झाडाखाली टेकवलेली होती. बाईनं उघड्या अक्षरावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

आजोबांनी डाव्या हातानं तिच्या हातात हातोडी दिली. लहान. मग त्यांनी मुलांना हाक मारली, "चला रे, बाहेर," आणि सगळी फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. क्रेनवालाही गेला. ताई त्यांच्यामागे निघाली.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाली.

"थांबायचं नसतं."

"माहितीय. पण बघा ना," बाईनं हात पुढे केला. तो कापत होता. बस चालवणारा हात. "छिन्नी ठरत नाही माझी. नुसती धरा. मारते मीच."

ताईनं फाटकाकडे बघितलं. आजोबांची पाठ दिसत होती. त्यांनी ऐकलं असणार, पण ते वळले नाहीत. ताई खाली बसली आणि तिनं छिन्नी धरली.

पहिला घाव हुकला आणि तिच्या बोटाला ओझरता लागला. दुसरा बसला. दगडाची पांढरी कपची उडाली. तिसऱ्याला रेघ वर सरकली, आणि ताईच्या बोटांना ती खाली वळवायची अनावर ओढ लागली. नुसतं थोडं तिरकं करायचं होतं. तिनं बोटं तिथंच दाबून धरली. बाई मारत राहिली. प्रत्येक घावाबरोबर ती काहीतरी म्हणत होती, ते नाव होतं की श्वास होता हे कळत नव्हतं. रेघ अक्षराच्या टोकाला पोचली आणि थोडी पुढेही गेली. मग हातोडी खाली आली.

"घे," बाई दगडाला म्हणाली. "ओढली."

आणि ती तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, तोंड न झाकता. ताईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती फाटकाकडे बघत राहिली. तिथं सगळी रस्त्याकडे तोंड करून उभी होती, आजोबा मध्ये, मुलं दोन्ही बाजूंना, मोठ्यांसारखे हात मागे बांधून. भिंगरी तेवढी वळली होती. दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून बोटांच्या फटीतून ती आत बघत होती. आजोबांना ते दिसत होतं. त्यांचा हात तिच्या डोक्याजवळ गेला, तिचं तोंड वळवायला, आणि तसाच तिच्या केसांवर थांबला.